तुळशीचा तांब्या बेसिलला नको

‘‘ताई, फोंड्याला तिसऱ्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड. गॅलरी पश्चिमेची. तुळस आहे, ती छान आहे. लेकीला पास्ता-पिझ्झ्याचं वेड, म्हणून दोन वर्षांत पाच वेळा बेसिलची कुंडी आणली. चार गेल्या, पाचवी जायच्या वाटेवर आहे. तुळशीला जेवढं करते तेवढंच तिला करते. रोज सकाळी आंघोळ झाली की दोघींना एकेक तांब्या पाणी. पानंही फार तोडत नाही, हात धजत नाही. तरी ती नुसती उंच वाढते, तुरे येतात, खालची पानं गळतात. पावसात पानांच्या मागे राखाडी बुरशी धरते. आत्ताच्या कुंडीत एकच फांदी हिरवी उरली आहे. तोडून फ्रिजमध्ये ठेवलेली पानं तर एका रात्रीत काळी पडतात. वर सासूबाई म्हणतात, तुळशीची जात ती, तिला कोलंबीच्या पिझ्झ्यावर घालता, मग जगेल कशी? काय करू?’’
– एक वाचक, फोंडा

फोंड्याच्या ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली: ‘तुळशीला जेवढं करते तेवढंच तिला करते.’ तुमच्या कुंड्या त्या वाक्यात गेल्या. सासूबाईंचा शाप वगैरे काही नाही, आणि हात तर तुमचा चांगलाच आहे, नाहीतर तुळस तरी कशी फोफावली असती? फक्त तुळस जपायची असते आणि बेसिल कापायची असते. तुम्ही दोघींनाही जपता आहात.

आधी तांब्याचं बोलू. गावच्या घरापुढलं वृंदावन डोळ्यांपुढे आणा. चिऱ्याचं, कमरेएवढं उंच, आत खालपर्यंत माती. वरून ऊन, चारी बाजूंनी वारा. त्यात ओतलेलं पाणी मुळांना भिजवून खाली निघून जातं, त्यामुळे तिथल्या तुळशीला रोजचा तांब्या पचतो. आपण तोच तांब्या फ्लॅटमध्ये आणला आणि सहा इंची प्लास्टिकच्या कुंडीत ओतला. फरशीला डाग पडू नयेत म्हणून कुंडीखाली थाळी. पाणी थाळीत साचतं, मुळं दिवसभर त्यात बसतात, त्यांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं मलूल होतात. आणि पानं मलूल दिसली की आपण काय करतो? अजून एक तांब्या.

तुमची तुळस हे सोसते, कारण तिचं खोड लाकडी झालं आहे, पानं लहान आणि लवदार आहेत. बेसिलचं पान मोठं, गुळगुळीत, पाण्याने भरलेलं, आणि देठही तसाच कोवळा. तिला पाणी घालण्याआधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. आत ओलं लागलं तर घालू नका, मग सकाळची आंघोळ झालेली असो की नसो. एप्रिल-मेमध्ये रोज घालावं लागेल, जानेवारीत दिवसाआड, पावसात आठ-आठ दिवस अजिबात नाही. घालाल तेव्हा मात्र बुडाशी घाला, पानांवरून नको, आणि भोकातून बाहेर येईपर्यंत घाला. मग थाळी ओतून टाका. ती तशीही गॅलरीत भरलेली राहू देऊ नका, डेंग्यूचा डास अशाच थाळीत अंडी घालतो.

आता ‘हात धजत नाही’ याबद्दल. तुळशीची पानं तोडायचे आपल्याकडे नियम आहेत. रविवारी नाही, द्वादशीला नाही, दिवेलागणीनंतर नाही, आणि तोडलीच तर नखाने खुडायची नाहीत. लहानपणापासून अंगात भिनलेलं ते बेसिलसमोरही आड येतं, माझ्याही आलं होतं. पण न कापलेली बेसिल काय करते ते तुम्ही स्वतःच लिहिलं आहे: एकच दांडा सरळ वर जातो, टोकाला तुरा येतो. तुरा आला की झाडाचं लक्ष बियांकडे जातं. नवी पानं बारीक येतात, चवीला कडसर लागतात, खालची पिवळी पडून गळतात. बेसिल मुळात एका हंगामाची. बी धरलं की तिच्या लेखी तिचं काम झालं.

म्हणून रोप वीतभर झालं, पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की कात्री घ्या. वरून दुसऱ्या किंवा तिसऱ्या जोडीच्या जरा वर कापा. नीट बघितलंत तर प्रत्येक पानाच्या बगलेत एक बारीक कोंब दबा धरून बसलेला दिसेल. शेंडा गेला की दोन्ही बगलांतले कोंब सुटतात आणि एका दांड्याचे दोन होतात. तीन आठवड्यांनी ते दोन कापा, चार होतील. झाड बुटकं, गोल, दाट होतं. लागतील तशी खालची मोठी पानं एकेक ओरबाडायची सवय बऱ्याच जणींना असते. त्यात झाड खालून उघडं पडतं आणि वर वाढतच राहतं. घ्यायचं ते शेंड्याकडून, फांदीसकट. एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको, एवढंच पथ्य. तुरा दिसला की त्याच दिवशी खुडा. अगदी हंगामाच्या शेवटी एखाद्या झाडाला फुलू द्या, मधमाश्या येतात.

तुळशीच्या मंजिऱ्याही वेळेवर काढल्या तर ती बहरते, हे सासूबाई तुम्हाला माझ्याहून चांगलं सांगतील. त्या मंजिऱ्या देवाला जातात. बेसिलचे तुरे आमटीत टाकले तरी चालतात.

पावसाची गोष्ट मात्र वेगळी आहे, तिथे तुमचा काही दोष नाही. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तो येतो समुद्राकडून, म्हणजे तुमच्या पश्चिमेच्या गॅलरीत झड थेट आत. पानं दिवसचे दिवस ओली, ऊन नाही, हवा कोंदट. पानांच्या मागची राखाडी, जराशी जांभळट बुरशी म्हणजे बेसिलचा नेहमीचा रोग. वरच्या बाजूने शिरांच्या मधला भाग पिवळा पडतो आणि आपल्याला वाटतं खत कमी पडलं. मग आपण खत घालतो. खताने ती जाणार नाही, आणि निंबोळी तेलानेही फारसा उपयोग होत नाही. बाधलेली पानं काढून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कुंडीत पडू देऊ नका. झाडांत अंतर ठेवा, कुंडी झडीच्या बाहेर न्या. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेची असेल तर पावसाळ्यात तिची जागा तिथे. तेवढं करूनही ऑगस्टपर्यंत झाड गेलं तर जाऊ द्या. मी पावसाळ्यात बेसिल लावायचं केव्हाच सोडलं. आपण पावसात कलिंगड लावतो का?

तुमच्या कुंड्या आणायच्या वेळा तुम्ही लिहिल्या नाहीत, पण माझा अंदाज आहे की निदान दोन-तीन तरी मे-जूनमध्ये आणल्या असतील. नर्सऱ्यांतून तेव्हाच सगळ्यात जास्त रोपं दिसतात, आणि ‘पाऊस आला, आता काहीही लावा, लागतं’ हे आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. आंब्याच्या कोयीला ते लागू आहे.

तयार कुंडीचा आणखी एक घोटाळा. मी एकदा एका नर्सरीतून ‘इटालियन बेसिल’ म्हणून घसघशीत दाट कुंडी आणली. आठवड्यात आडवी झाली. उपसून बघितली तर आत एक झाड नव्हतंच, वीसेक रोपं दाटीवाटीने उभी होती, मुळं एकमेकींच्या गळ्यात. विकायला छान दिसावं म्हणून बी असं मुठीने पेरतात. तशी कुंडी आणलीत तर त्याच संध्याकाळी सोडवा, तीन-तीन चार-चार रोपांचे गठ्ठे करून वेगळ्या कुंड्यांत लावा. दोन दिवस सावलीत ठेवा. चार मरतील, बाकीची जगतील.

पण माझं ऐकाल तर कुंडी आणूच नका. किराणा दुकानात जा आणि सब्जा मागा.

हो, तोच. फालुद्यातला, उन्हाळ्यात लिंबाच्या सरबतात फुगवून घालतो तो. सब्जा म्हणजे बेसिलचंच बी. वनस्पतिशास्त्रात दोघांचं नाव एकच, ओसिमम बॅसिलिकम. इटलीवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून त्यातून मोठ्या, मऊ, गोडसर वासाच्या पानांचा वाण काढला. आपल्याकडच्या सब्ज्याचं पान जरा लहान, वास उग्र, बडीशेपेकडे झुकणारा. पण झाड काटक. मूळचं ते आशिया-आफ्रिकेच्या उष्ण भागातलं, त्यामुळे इटलीहून आलेली पाहुणी म्हणून तिच्यापुढे बिचकायचं कारण नाही. पास्त्याला हुबेहूब तोच वास हवा असेल तर इटालियन वाणाच्या बियांचं पाकीट घ्या. लेकीला फरक कळेल असं मला वाटत नाही, पण हल्लीची मुलं, सांगता येत नाही.

आणि इथेच सासूबाईंच्या प्रश्नाला उत्तर आहे. तुळस वेगळी, ओसिमम टेन्युइफ्लोरम. दोघी एका कुळातल्या खऱ्या, पण जांभूळ आणि लवंगही एका कुळातली आहेत, आणि आपलं भिंडां (कोकमाचं फळ) आणि ते महागडं मँगोस्टीनही. म्हणून कोणी मँगोस्टीनची सोलकढी करत नाही. सासूबाई दर उन्हाळ्यात सब्जा प्यायल्या असतील. म्हणजे या झाडाचं बी घरात आधीच खाल्लं जातं आहे, आता पान खायचं एवढंच. हे त्यांना सांगा, पण वाद जिंकल्यासारखं सांगू नका. तुळशीबद्दलची त्यांची हळवी जागा उगाच आलेली नाही. याच गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या धर्मन्यायालयाने, काढलेल्या फर्मानात, ख्रिस्ती झालेल्यांच्या घरात-बागेत तुळस दिसता कामा नये, असं बजावलं होतं. ज्या झाडावर सरकारी बंदी येते ते झाड नुसतं झाड राहत नाही. बेसिलची कुंडी तुळशीपासून लांब, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, म्हणजे त्यांच्याही डोळ्यांना बरं. (थायलंडमध्ये चक्क तुळसच मांसाबरोबर परततात. हे मात्र त्यांना सांगू नका.)

दोन कुंड्या लांब ठेवायला अजून एक कारण आहे. तुळशीच्या पानामागे जाळीदार पंखांचा एक इवलासा ढेकूण बसतो. तो रस शोषतो, पानं वाकडी होऊन फिकट पडतात, मागे काळे ठिपके दिसतात. तो बेसिललाही तितक्याच आवडीने लागतो. दिसला तर पाण्याच्या जोराने पानांची मागची बाजू धुवा. नाहीच हटला तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब, संध्याकाळी फवारा. बेसिलवर मारलंत तर आठवडाभर पानं खाऊ नका, नंतरही धुऊन घ्या.

पेरायचं कधी? चवथ (गणेशचतुर्थी) होऊ द्या. गणपतीवर टांगलेली फळा-पानांची माटोळी उतरली, पावसाचा जोर ओसरला, सप्टेंबरअखेरीस दिवसाला दोन-चार तास ऊन पडायला लागलं की पेरा. सब्जा भिजवायचा नाही. भिजवला की त्याच्याभोवती बुळबुळीत गोळा तयार होतो आणि पेरताना सगळं बी बोटांनाच चिकटतं. ओल्या मातीवर चिमूटभर कोरडं बी विखरून टाका, वर चाळलेल्या मातीचा अगदी पातळ थर, पाण्याची नुसती फवारणी. पाच ते दहा दिवसांत उगवतं. किराण्यातलं बी कधीकधी फार जुनं असतं, म्हणून आधी दहा दाणे ओल्या कापसावर टाकून बघा. सहा-सात फुटले तर ठीक, दोनच फुटले तर दुकान बदला. मुंग्यांवर लक्ष ठेवा, त्या बी वाहून नेतात. चार-सहा पानं आली की धट्टीकट्टी निवडून आठ-दहा इंची कुंडीत एकेक लावा. व्हडल्या दिवाळीला तुळशीचं लग्न लागेल, दिंड्याची काठी, आवळे-चिंचा सगळं जमेल, त्या सुमारास बेसिलला पहिली कात्री लागायला हरकत नाही. जानेवारीत दुसरा हप्ता पेरा, म्हणजे पहिली झाडं निबर होतील तेव्हा दुसरी हाताशी येतील.

मातीचं फार काही नाही. आपली तांबडी माती नुसती भरली तर पावसात तिचा चिखल आणि उन्हात वीट होते. निम्मी माती, पाव हिस्सा गांडूळखत किंवा मुरलेलं शेणखत, पाव हिस्सा नारळाच्या सोडणाचा भुसा. भुसा विकतचा असेल तर आधी दोनदा धुऊन घ्या, कधीकधी खारट असतो. वाळू घालायचीच तर नदीची. मी पहिल्या वर्षी शहाणपणा करून दर्यावरची वाळू पिशवीत भरून आणली होती (आणू नये, तो गुन्हा आहे हे मला नंतर कळलं). दहा दिवसांत सगळ्या पानांच्या कडा करपल्या. मिठाची शिक्षा लगेच मिळाली. खत महिन्याला मूठभर, त्याहून जास्त नको. खताने पानं मोठी होतात आणि वास पातळ होतो. आणि मासळी धुतलेलं पाणी माडाला किंवा कढीपत्त्याला घाला. गॅलरीतल्या कुंडीत घातलंत तर मांजर, मुंग्या आणि शेजारी, तिन्ही येतील.

ऊन दिवसाला पाच-सहा तास हवं. तुमची पश्चिमेची गॅलरी ऑक्टोबर ते मार्च उत्तम. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनचं ऊन पानं भाजतं, तेव्हा कुंडी आत सरकवा किंवा जुनी पातळ ओढणी बांधा.

फ्रिजचं एका वाक्यात सांगते: बेसिलला थंडी सोसत नाही, दहा अंशांच्या खाली तिची पानं काळी पडतात, तो रोग नव्हे. तोडलेल्या फांद्या कोथिंबिरीसारख्या पेल्यात पाणी घालून ओट्यावर ठेवा, चार-पाच दिवस राहतात. शिजवताना गॅस बंद केल्यावर घाला, नाहीतर वास वाफेबरोबर जातो. आणि मेमध्ये, पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, सुकी मासळी आणि कोकमं भरता तेव्हा, झाडं पावसात मरायच्या आधी सगळी कापून पेस्टो (पास्त्याला लावायची बेसिलची चटणी) करून ठेवा. दोन वाट्या दाबून भरलेली पानं, मूठभर काजूगर, दोन-तीन लसूण पाकळ्या, मीठ, ऑलिव्ह तेल. मिक्सर थांबत-थांबत फिरवा, सलग फिरवला तर तापतो आणि पेस्टो काळपट होतो. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. चीज वाढताना घाला. पाइनच्या बिया मिळत नाहीत म्हणून हळहळू नका, काजूगरांचा पेस्टो मला जास्त आवडतो, आणि हे मी गोव्याच्या अभिमानापोटी बोलत नाही. निदान पूर्णपणे नाही.

राहता राहिली तुमची ती एक हिरवी फांदी. कुंडीतलं खोड बुडाशी काळं आणि मऊ झालं असेल तर ते झाड वाचणार नाही, पण फांदी वाचेल. शेंड्याकडून बोटभर लांब तुकडा, पेराच्या लगेच खाली, स्वच्छ कात्रीने कापा. पानामागे बुरशी नाही ना, ते उजेडात धरून बघा. असेल तर तेही टाकून द्या आणि चवथीची वाट बघा. नसेल तर खालची पानं काढा, वरची चार ठेवा, तुरा असेल तर खुडा. काचेच्या पेल्यात दोन बोटं पाणी घ्या, पान पाण्यात बुडता कामा नये. खिडकीत ठेवा, पण थेट ऊन नको आणि झडही नको. पाणी दर दोन दिवसांनी बदला. आठ-पंधरा दिवसांत पांढरी मुळं सुटतील. ती पेरभर झाली की थाळी नसलेल्या कुंडीत लावा.